काठावरच्या समूहांची फेरमोजणी होईपर्यंत काचा न धुण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
आकाश-मोजणी विभाग, वेधशाळा.

विषय : दीर्घिकासमूहांच्या नकाशातील रिकाम्या पट्ट्या व उद्या सकाळी होणारी काचधुणी.

संदर्भ : १) मोजणी नियम क्र. १४. २) मंगळवारची आपली तोंडी समज.

महोदय,

१. मी या विभागात बावीस वर्षे मोजणीदार आहे. आकाशाचे फोटो असलेल्या काचा दिव्याच्या पेटीवर ठेवून, भिंगातून दीर्घिकांचे समूह मोजणे हे माझे काम. सम क्रमांकाच्या काचा माझ्याकडे व विषम क्रमांकाच्या माझ्या नणंदेकडे असतात. म्हणजे आकाशात माझ्या प्रत्येक काचेच्या शेजारी त्यांचीच काच येते.

२. समूह दोन काचांच्या काठावर कापला गेला, तर तो कोणी धरायचा हे शेजारच्या मोजणीदारास विचारून ठरवावे, असे नियम १४ सांगतो. इथेच घोटाळा झाला आहे. सासूबाईंच्या शिलाई मशीनवरून आमच्या दोघींत चार वर्षे अबोला आहे. घरी मिठाची बरणीसुद्धा आम्ही माझ्या यजमानांमार्फत मागतो. कचेरीत यजमान नसतात.

३. सोमवारी आपला मोठा नकाशा व्हरांड्यात टांगताना माझा हात त्यावरून फिरला. विश्वात समूह नसलेल्या समांतर पट्ट्या आहेत, असे आपल्या अहवालात म्हटले आहे. मी पट्टी लावली. दोन रिकाम्या जागांमधले अंतर प्रत्येक ठिकाणी बरोबर एका काचेएवढे भरले. मी पट्टी उलटी धरून पुन्हा मोजले, तरी तेवढेच.

४. त्या संध्याकाळी नणंदबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी मान खाली घालून विचारले, "वन्सं, काठावरचे तुम्ही धरत होतात ना?" त्यांच्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली. "मी कशाला धरू? वहिनी, तुम्ही धरत होतात ना?" चार वर्षांतले आमचे हे पहिलेच बोलणे. तेही रागाने नव्हते.

५. मंगळवारी मी आपल्यासमोर उभी राहिले तेव्हा आपण म्हणालात, "बाई, तुम्ही आकडे मोजा, अर्थ आम्ही लावू." अर्थ लावण्याची माझी पात्रता नाही, हे मान्य. परंतु साहेब, त्या पट्ट्या विश्वात नाहीत, त्या आमच्या घरात आहेत. शुक्रवारी दुपारी आपण अहवाल वाचणार व त्याआधी दहा वाजता काचा धुतल्या जाणार. एकदा धुऊन त्यांवरचे फोटो गेले की आम्हांला खोटे ठरवायलाही काही उरणार नाही, आणि खरे ठरवायलाही नाही.

६. काचांच्या अठरा पेट्यांपैकी दोन पेट्यांतल्या काचा आधीच धुऊन सभागृहाच्या खिडक्यांना बसवल्या आहेत. काल मी त्या तावदानांना भिंग लावून पाहिले. पलीकडचे सायकल स्टँड दिसले. शिपाई हसला, मला रडू आले.

७. कामाच्या वेळेत मोजणीदारांनी बोलू नये, हा आपला हुकूम आम्ही इतकी वर्षे नको तितका पाळला. आता आम्हांला एका टेबलावर बसून मोठ्याने बोलण्याची लेखी परवानगी मिळावी, आणि सोळा पेट्यांची धुणी दहा दिवस पुढे ढकलावी. त्यानंतर दोघींवर जी कारवाई करायची ती करावी. सुरुवात माझ्यापासून करावी, कारण मशीन माझ्याकडे आहे.

८. परवानगीआधीच काम सुरू केल्याबद्दल क्षमस्व. काचांच्या खोलीचे दार आतून बंद आहे. उद्यासाठी पेट्या न्यायला आलेले काच धुणारे मामा बाहेर बादली घेऊन बसले आहेत, त्यांचा यात काही दोष नाही. हा अर्ज मी दाराखालून सरकवत आहे. उत्तरही तिथूनच द्यावे.

आपल्या उत्तराकडे, म्हणजे दाराखालच्या फटीकडे, डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
मोजणीदार (सम काचा)

गुरुवार, दुपारी सव्वाचार

सोबत : १) नकाशाची प्रत, पट्ट्यांवर लाल पेन्सिलीने खुणा. २) काठावरच्या समूहांची यादी, अपूर्ण. ३) खोलीची किल्ली जोडलेली नाही.

सहमोजणीदाराचा शेरा : अर्ज वाचला, खरा आहे. वहिनी लिहीत होत्या तोवर मी पहिली पेटी उघडली. काठावरचे एकोणतीस समूह सापडले. अकरा माझे, अठरा वहिनींचे. वाद नाही.
मोजणीदार (विषम काचा)