कॅप्सूल आणि माझे पाय

१६ ऑक्टोबर ६९, गुरुवार. अमरावती.
चांदूर बाजारहून संध्याकाळच्या एस.टी.नं परत. उतरताना डावा पाय पायरीवर अडकल्यासारखा झाला. अडकला नव्हता. उचललाच गेला नाही. मागचा माणूस म्हणाला, "उतरा ना भाऊ, झोपले काय?" कंडक्टर हसला.

पोटऱ्या आणि मांड्या, दोन्हीकडे. तापात ठणकतात तशा. सहा दिवस झाले. आधी वाटलं, सायकल. पण सायकल चौदा वर्षं चालवतो आहे. देवीची लस टोचत गावोगाव हिंडणाऱ्याच्या पोटऱ्या एकदम अशा कशा काय...

नवीन म्हणावं तर एकच गोष्ट. अकोल्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या कॅप्सूल. गेल्या महिन्यापासून. सकाळ, दुपार, संध्याकाळ. इथे 'कॅ.' एवढंच लिहीत जाईन.

१९ ऑक्टो., रवि.
सुट्टी. सुमननं तिळाचं तेल कोमट करून पायांना लावलं. हात लावताच ओरडलो. ती घाबरली. मी हसलो, पण हसणं जमलं नाही.

म्हणाली, "चरबीचं औषध म्हणता. एवढी चरबी तुमच्या आंगात हाये कुठं? बरगड्या दिसून राह्यल्या."
सांगितलं पुन्हा. चरबी अंगात नाही, रक्तात. कोलेस्टेरॉल. आपल्याकडे तपासतही नाहीत, रक्त नागपूरला पाठवावं लागलं.

दादाही काडीसारखाच होता. त्याच्याही डोळ्यांच्या कोपऱ्यात माझ्यासारख्याच पिवळट गाठी होत्या. आम्ही लहानपणी म्हणायचो, दादाच्या डोळ्याला हरभऱ्याची डाळ चिकटली. अकोल्याच्या मालधक्क्यावर उभ्या उभ्या गेला. हातात कापसाच्या गाठीची चिठ्ठी तशीच. त्रेचाळीस वर्षांचा. मला जानेवारीत त्रेचाळीस पूर्ण.

कॅ. तिन्ही घेतल्या.

२३ ऑक्टो., गुरु.
चांदूर बाजारच्या पुढलं गाव. सकाळपासून एकोणीस टोचण्या. पाटलाकडे ओसरीच्या खाली उभं राहून. पाणी वरून ओतलं. चालायचं. चालू नये खरं तर. असो.

गावाबाहेर माळ्याचा वांग्यांचा मळा. माळीण पोरगी कडेवर घेऊन वांगी तोडत होती. मोठ्या पोराला मागे टोचलं तेव्हा हात सुजला, ताप चढला, म्हणून धाकटीला टोचू देईना. "तुमचं काय जाते? तुमी टोचून चालले जाता. दुखते थे लेकराले."

मी बांधावर उकिडवा बसून नेहमीचं सांगितलं. दोन दिवसांचा ताप बरा की देवी बऱ्या. मग उठायला गेलो तर उठता येईना. मांड्यांत दमच नाही. हात टेकले, तरी नाही. वाट पाहिली, तरी नाही. शेवटी तिनंच पोरगी खाली ठेवली आणि माझ्या दंडाला धरून मला उभं केलं.

"तुमीच बिमार दिसता, देवी डॉक्टर."
"औषधानं होऊन राह्यलं, बाई."
"मंग सोडत काहून नाई थे औषध?"

चौदा वर्षांत मलाच उलटं विचारणारी ही पहिली. नंतर काय वाटलं कोण जाणे, पोरीचा दंड पुढे केला. "टोचा. उभ्यानंच टोचा पण."

परत येताना सायकल हातात धरून चालत आलो.

२७ ऑक्टो., सोम. अकोला.
रजा टाकून आलो. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. ठीक आहे म्हणाले. पायांचं सांगितलं. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली.
"सायकल किती चालवता?"
"रोज आठ-दहा मैल."
"मग दुखणारच. चाळिशी उलटली तुमची. औषध नवं आहे, पण पाय दुखल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. बंद करायचं नाही. भावाचं लक्षात आहे ना?"
आहे. तेच तर लक्षात असतं.

दुपारी जुन्या शहरात वहिनीकडे. मोर्णेच्या पुलावरून चालत. दोनदा कठड्याला धरून थांबलो. ओळखीचा एक जण "जयभीम" करून गेला, त्याला वाटलं नदी पाहत उभा आहे.

वहिनी दादामागे शिवणकाम करून घर चालवते. दादाची रत्ना आता एकोणीसची. नॉर्मल स्कूलला शेवटचं वर्ष, मास्तरीण होईल. तिनं चहा आणला, खाली वाकून कप ठेवला, आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात मला दिसलं. डाळीएवढंही नाही. तिळाएवढं. पिवळं.

काही बोललो नाही. चहा पूर्ण प्यायलो.

३१ ऑक्टो., शुक्र.
आज नाल्याच्या चढावर सायकलवरून पडलो. खड्डा नव्हता, दगड नव्हता. पॅडल मारायला पाय खाली जाईना, आडवा झालो. लशीची पेटी वाचली.

त्याहून वाईट. दुपारी बाभळीमागे लघवीला गेलो, तर रंग कोऱ्या चहासारखा. उन्हात असं वाटलं असेल म्हणून संध्याकाळी घरी पुन्हा पाहिलं. तोच रंग. आरोग्य खात्यातला माणूस मी. लोकांना सांगतो, असं काही दिसलं तर दवाखान्यात जा.

सुमनला सांगितलं नाही.

१ नोव्हें., शनि.
कॅ. बंद. कुणाला न विचारता.
ती समोर असते म्हणून बाटलीतून काढतो, पाण्याचा घोट घेतो, कॅ. मुठीत. मग सदऱ्याच्या खिशात. ऑफिसच्या वाटेवर गटारात.
बायकोला फसवतो आहे. लिहून ठेवतो, म्हणजे निदान इथे तरी...

४ नोव्हें., मंगळ.
लघवी साफ. पाय तसेच.

८ नोव्हें., शनि.
आज मोरीतून उठताना भिंतीला हात लावला नाही. उठून झाल्यावर लक्षात आलं.

१२ नोव्हें., बुध.
पाच गावं. सायकलवर, आणि चढ उतरून नाही, बसून चढलो. पाय माझे मला परत मिळाले. संत्र्याच्या बागेतल्या रखवालदारानं दोन संत्री दिली. विहिरीवर बसून खाल्ली. कधी नव्हे ते शीळ घातली.

मग जेवण झाल्यावर छातीत उजवीकडे काहीतरी. उजवीकडे. तरी हात तिथेच. दादाला कुठे दुखलं होतं? कुणाला सांगायला वेळच मिळाला नाही त्याला. तासभर नाडी मोजत बसलो. साथीदार कंपाउंडर म्हणाला, "काय हिशोब चालू हाये?"

पाय दुखत होते तेव्हा पायांचा विचार. आता पाय गप्प, तर छातीचा. काय घेतलं म्हणजे काय गेलं, काही कळत नाही. एका जागी बसवत नाही.

१६ नोव्हें., रवि.
सापडलो.

सुमन धुणं धुवत होती. खाकी सदऱ्याच्या खिशात दोन कॅ. राहिल्या होत्या. पाण्यात विरघळून खिशाचा चिकट गोळा. तो तिनं हातावर घेऊन माझ्यापुढे धरला.
"हे काय व्हय?"
खोटं सुचलं नाही.
"कधीपासून?"
"पंधरा दिवस."
"म्हंजे मी रोज पाण्याचा गिलास आणून देत होती, अन तुमी..." सदरा तसाच दगडावर टाकून आत गेली.

पडल्याचं सांगितलं, लघवीचं सांगितलं. दारातूनच. आतूनच म्हणाली, "वहिनीच्या हातातला तुमच्या दादाचा मुडदा मी धरला व्हता. तुमी कामावर होते. मले ठाव हाये थो कसा जड लागते."



मग पुन्हा, "पाय दुखते तं मले सांगा. मी काय तुमची दुश्मन व्हय?"

तिला रत्नाच्या डोळ्याचंही सांगून टाकलं. तिनं लगेच विचारलं, "कधी पाह्यलं?" सांगितलं, वीस दिवस झाले. तेव्हा ज्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं ती लिहिता येत नाही.

२३ नोव्हें., रवि. अकोला.
दोघं आलो. वहिनीसमोर बसलो, रत्नालाही बसवलं. सांगितलं: हे रक्तातून येतं, दादाला होतं, मला आहे, रत्नाचं रक्त तपासायला हवं.

वहिनी भडकली. "भाऊजी, मूर्तिजापूरचे पाव्हणे परवा पोरगी पाहून गेले. अन तुमी तिच्यावर शिक्का मारता? तीळ हाये थो. माह्या मायलेबी व्हता."
सुमन म्हणाली, "बाई, जेठजी पोरीचे बाप होते."
"गेले ना पण थे! आता पोरीलेबी न्याचं हाये का?" आणि पदर तोंडाला लावला.

शेवटी रत्नाच बोलली. "आई, बाबाले कोनी सांगतलं नवतं. मले सांगून राह्यले ना. मी जातो रक्त द्याले." मग माझ्याकडे वळून, "काकाजी, थ्या गोया खाल्ल्यावर दुखते का?"

टोचताना चौदा वर्षं सांगत आलो, मुंगी चावल्यासारखं होईल बाळा. जिभेवर तेच आलं होतं. म्हणालो, "दुखते. मले लय दुखलं. मी सोडून देल्ल्या." 
वहिनीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. आश्चर्यानं.

२४ नोव्हें., सोम. अकोला.
डॉक्टरांकडे ही वही नेली. तोंडी सांगितलं की ते सगळं सायकलवर ढकलतात. तारखा काढून पुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा वर सारून वाचलं. ३१ तारखेवर थांबले.
"हे मला का कळवलं नाही?"
"तुमी रागावाल म्हणून."
"आत्ता रागावलो." पुन्हा वाचलं. १ तारीख, ४, ८, १२. मग वही मिटली. "मी म्हणालो होतो की याच्यानं होत नाही. माझ्या ऐकण्यात नव्हतं, एवढंच खरं होतं."

डॉक्टर असं बोलल्याचं मी तरी प्रथमच ऐकलं.

लघवी तपासली, साफ. ठरलं ते असं: अजून आठवडाभर काही नाही. नंतर रोज एकच कॅ., सकाळी. पाय जरा जरी बोलले, रंग जरा जरी बदलला, तर त्याच दिवशी बंद, आणि लगेच अकोला. सायकल बंद, महिनाभर टपालाचं आणि रजिस्टरचं काम मागून घ्यायचं. साहेब काय म्हणतील ते म्हणोत.
"आणि नाहीच सोसलं तर?" मी.
"तर तूप, अंडी, मटण बंद, आणि दुसरं काही निघेपर्यंत थांबायचं. याहून जास्त माझ्याकडे नाही. असतं तर दिलं असतं."

रत्नाचं रक्त घेतलं. सुई टोचताना तिनं तोंड फिरवलं नाही. वहिनी बाहेर बाकावर बसून होती. आली होती, हे काय कमी.

१ डिसें., सोम. अमरावती.
पहिली कॅ. सुमनच्या समोर, तोंड उघडून दाखवून. ती म्हणाली, "शाळेतलं पोट्टं व्हय का तुमी?" पण बघितलंच.

३ डिसें., बुध.
काही नाही. ऑफिसात रजिस्टरं. खुर्चीत बसवत नाही, सारखा उठतो, चालतो, पाय कसे आहेत पाहतो. हेडक्लार्क म्हणतात, मूळव्याध आहे काय? काही नसलं तरी चैन नाही. दुसऱ्याचे पाय राखायला दिल्यासारखं वाटतं.

६ डिसें., शनि.
वस्तीत अभिवादनाला उभा राहिलो, सगळ्यांबरोबर, शेवटपर्यंत. पाय ठीक. डोळे नेहमीसारखेच भरले.

९ डिसें., मंगळ.
डॉक्टरांचं कार्ड. रत्नाचं कोलेस्टेरॉल जवळजवळ माझ्याएवढं. कॅ. सुरू करावी असं त्यांना वाटतं, पण लहान वय, लग्नाचं वय, घरच्यांनी विचार करून कळवावं.

त्याच टपालात वहिनीचं पत्र, रत्नाच्याच अक्षरात लिहून घेतलेलं: मूर्तिजापूरच्या लोकांना आम्ही सगळं सांगितलं. अजून उत्तर नाही. गोळ्यांचं तुम्ही म्हणाल तसं करू, भाऊजी. घरात दुसरं कोण आहे विचारायला.

माझ्यावर आलं. मी काय सांगू? मला स्वतःचं ठरवता येत नाही.
उत्तर लिहायला घेतलं, दोन कार्डं वाया घालवली.

१२ डिसें., शुक्र.
रत्ना स्वतःच आली. सकाळच्या एस.टी.नं, एक पिशवी घेऊन. "काकाजी, तुमचं उत्तर आलं नाई म्हणून आली. सुट्टी काढली चार दिवसांची. मी पाह्यतो तुमचे पाय."
सुमन हसली. कित्येक दिवसांनी हसली.
रत्नानं ही वही मागितली. दिली. अंगणात बसून पहिल्या पानापासून वाचत होती. मूर्तिजापूरचं विचारलं तर म्हणाली, "थे हो म्हणतील नाई तं नाई म्हणतील. मले काय आता." पण वाचताना एक पान किती तरी वेळ उलटलं नाही.

१३ डिसें., शनि.
तेरावी कॅ. 
आज सकाळी ऑफिसचा जिना उतरत होतो. रत्ना बरोबर आली होती, खाली उभी. चौथ्या पायरीवर डाव्या पोटरीत काहीतरी. दुखणं म्हणवत नाही. ओढ? थंडी पडली आहे चार दिवस, त्यानंही असेल. काल तिला वस्ती दाखवत बरंच चाललो, त्यानंही. उभा राहिलो. पाय जरा हलवून पाहिला. होतं. मग नव्हतं. मग पुन्हा वाटलं.

रत्ना वर पाहत होती. "काय झालं, काकाजी?"

जिन्यावरून माणसं वरखाली करत होती. मी कठडा धरून तसाच उभा. घरी येऊन तीन तास झाले. तिनं दुसऱ्यांदा विचारलेलं नाही, समोर बसून तांदूळ निवडते आहे, आणि मी अजून ठरवतो आहे, पाय बोलला म्हणायचं की नाही.