शाळेतून नाव काढल्यावर

प्रिय स्मिताताई,

माझी नोकरी गेली. नोकरीवर मिळालेला इथे राहण्याचा पास रद्द झाला. महिन्याच्या आत आम्हाला सिंगापूर सोडायचं आहे. कस्तुरीला न सांगताच मी तिचं शाळेतलं नाव काढून आलो. हे पत्र पाठवलं तर तू तिला फोन करशील, म्हणून पाठवणार नाही.

काल ती इंग्रजीतला उतारा वाचत होती. दीडशे वर्षांपूर्वीची, अमेरिकेतल्या खेड्यातली मुलगी. वडिलांनी शेत विकलं, बिऱ्हाड पश्चिमेकडे हलवलं, तिची शाळा सुटली.

"सो मीन ला, बाबा," इथल्या मुलांसारखं शेवटी 'ला' लावून कस्तुरी म्हणाली. "किती दुष्टपणा! तिला आधी सांगितलंसुद्धा नाही."

"सांगून काय फरक पडला असता?"

"मैत्रिणींना बाय तरी म्हणाली असती."

आज तिचा शाळेतला शेवटचा दिवस. नेहमीसारखी घाईत निघाली. मी लिफ्टपर्यंत सोबत गेलो, बटण दाबलं आणि तिला रोजच्यासारखं बाय म्हणालो.

तुझा,
देवदत्त