उशीवाल्या वेबसाईटची घोडदौड

२ जून, सोमवार. सकाळी साडेसहा.

आजपासून रोजनिशी. उद्या कुणी विचारलं की सुरुवात कशी झाली, तर तारखा हाताशी असाव्यात.

सध्याची परिस्थिती. वय एक्केचाळीस. मुक्काम तुळजापूर. नोकरी लॉजच्या काउंटरवर. लॉज बंडप्पा काकांचं. काका म्हणजे शिवप्रियाचे सख्खे चुलते, त्यामुळं बायकोच्या माहेरची नोकरी. तात्पुरती. मोबाईल कव्हरचं दुकान डिसेंबरात बंद झालं. त्याबद्दल इथं लिहिणार नाही.

वेबसाईट तीन. पहिली मानेच्या उशांची, दुसरी मिक्सरच्या भांड्यांची, तिसरी मासे पाळायच्या काचेच्या टाकीची. लोक माझा लेख वाचतात, माझ्या लिंकवर बोट ठेवतात, शॉपिंग कंपनीकडून वस्तू घेतात. कंपनी मला कमिशन देते. वस्तू आपली नाही, गोदाम आपलं नाही, उधारी नाही.

शिवप्रियानं विचारलं, ती उशी तुम्ही बघितलीय का. सांगितलं, या धंद्यात बघावी लागत नाही.

मे महिन्याचा रिपोर्ट: वाचक ९. त्यात सात वेळा मीच. कमाई ०. पाया मजबूत आहे.

९ जून, सोमवार.

वाचक ०. काल पण ०.

शिवप्रियानं विचारलं, गप्प का. सांगितलं, ट्रॅफिक नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणाली, मग रस्ता मोकळा हाय की, बरंच झालं. सासूसुना हसल्या. मी ताट सरकवून उठलो.

११ जून, बुधवार. दुपारी बारा.

वाचक ३१. एका सकाळीत.

तीनदा रिफ्रेश केलं. एकतीसच. गाव कुठलं म्हणून बघितलं तर सगळेच्या सगळे मुंबई. तुळजापुरात बसून मी मुंबईच्या मानेला आधार देतोय. काउंटरवर एकटाच मोठ्यानं हसलो. सोलापूरहून आलेलं एक कुटुंब खोली विचारत होतं, ते दोन पावलं मागं सरकलं. काका आतल्या खोलीतून बाहेर आले, माझ्याकडं बघितलं, परत आत गेले.

संध्याकाळी अव्वासाठी पेढे. शिवप्रियाला आकडा सांगितला. ती म्हणाली, बघा, होतंय की. तिला आनंद झाला. चेहऱ्यावर आश्चर्य मात्र दिसलं नाही. तिचा विश्वास आधीपासून असणार.

१ जुलै, मंगळवार.

जूनचा रिपोर्ट. वाचक ६१२. उशा विकल्या ४. कमाई १४८ रुपये.

वाढीची टक्केवारी काढायला बसलो. मे महिन्यात कमाई शून्य असल्यानं शून्यानं भागावं लागतं. कॅल्क्युलेटरनं एरर दाखवला. एवढी वाढ त्याला झेपली नाही.

वाचक पानावर सरासरी चार सेकंद थांबतो. चार सेकंदात पटतंय. वाक्यं धारदार उतरलीत.

संकल्प: रोज एक लेख. पहाटे पाच ते सात.

९ जुलै, बुधवार.

लेख ०. कारणं: उकाडा. लॅपटॉपचा पंखा आवाज करतो. पहाटे पाच वाजता फार पहाट असते.

पण वाचक ३८. मी काही लिहीत नाही आणि लोक वाढतायत. म्हणजे जास्त लिहिण्यानं ट्रॅफिक बिघडतं. हा शोध मोठा आहे. जपून ठेवायला पाहिजे.

१७ जुलै, गुरुवार.

माशांच्या टाकीवर पहिली चौकशी आली. कुणीतरी विचारलं, टाकीतलं पाणी किती दिवसांनी बदलायचं. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो, त्यामुळं आठवड्यातून एकदा असं उत्तर दिलं. अनुभवातून लिहिलेलं लोकांना भावतं.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी.

संकट. दुपारचे दोन वाजले, वाचक २.

गूगलनं काहीतरी बदललंय. मोठमोठ्या साईट अशाच एका दिवसात झोपतात म्हणे. शिवप्रिया सणाला माहेरी, सास्तूरला गेलीय. फोन लावला. मागं बायकांचा गलका, झोक्याच्या दोरीची करकर. सांगितलं, सगळं संपलं. ती म्हणाली, काही संपत नाही, उद्या येतील सगळे. विचारलं, कोण सगळे. जरा थांबून म्हणाली, वाचक.

३० जुलै, बुधवार.

वाचक ४१. शिवप्रियाला या धंद्याची उपजत जाण आहे. पुढं भागीदार करायला हरकत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार.

निरीक्षण: श्रावण लागल्यापासून सोमवारी वाचक निम्मे. माणूस उपास करतो तेव्हा त्याला मानेची आठवण होत नाही. यावर लेख होईल.

१० ऑगस्ट, रविवार.

मेव्हण्याच्या नातवाचं बारसं म्हणून सास्तूरला गेलो होतो. आयुष्यातला महत्त्वाचा दिवस.

सासूबाईंच्या खाटेवर निळी उशी. माझ्या साईटवरची, पहिल्या नंबरची, मध्ये खळगा असलेली. वाटलं योगायोग. शेजारी चहाला गेलो, तिथं दोन. पलीकडं शिवप्रियाच्या मामांच्या ओसरीवर एक, त्यांच्या ट्रॅक्टरच्या सीटमागं एक. गावातून बाईकवर जाणाऱ्या एका पोरीच्या काखेत सुद्धा दिसली.

मेव्हण्याची धाकटी मुलगी वैष्णवी लातूरला कॉलेजात आहे. तिला विचारलं, हे कुठून घेतलं सगळ्यांनी. म्हणाली, ऑनलाइन. आणि आत पळाली. लाजाळू आहे.

मुंबई झाली. आता सास्तूर. गिऱ्हाईक मला न विचारता तयार होतंय. परतीच्या गाडीत शिवप्रियाला हे समजावून सांगितलं. ती पैपाहुणे, मानपान असल्या विषयांवर जात राहिली. शेवटी खिडकीकडं तोंड करून बसली. थकली असणार.

१ सप्टेंबर, सोमवार.

ऑगस्ट. वाचक १,१४०. उशा २३. मिक्सरचं भांडं १. कमाई ८९२ रुपये.

वैष्णवीच्या वहीतून आलेखाचा कागद आणला होता. जून, जुलै, ऑगस्टचे ठिपके जोडले आणि पट्टी तशीच वर सरकवली. रेघ कागदाबाहेर गेली. भिंतीवर पेन्सिलनं थोडी वाढवली. भिंत खराब केली म्हणून अव्वा ओरडली.

निर्णय: नोकरी सोडायची. बावीस तारखेला नवरात्र बसतंय, लॉज गच्च भरणार, काका अडवतील. अडवू देत.

४ सप्टेंबर, गुरुवार.

राजीनामा लिहिला. दोन पानं. 'आपल्या काउंटरनं मला घडवलं' हे वाक्य चांगलं जमलंय.

शिवप्रियाला वाचून दाखवला. तिनं शिलाई मशीन थांबवलं. म्हणाली, नवरात्र तरी होऊ द्या. सांगितलं, मुंबई थांबत नसते. म्हणाली, मला तुमच्याशी जरा बोलायचंय. नेमके तेव्हाच आकडे बघायचे होते. उद्या बोलू म्हटलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी चार.

काय झालं ते क्रमानं लिहितो.

सकाळी अकराला काकांच्या टेबलावर पाकीट ठेवलं. काका चष्मा शोधत होते. तेवढ्यात शिवप्रिया आली. गळ्यात टेप तसाच, कुणाचा तरी ब्लाऊज अर्धा टाकून आलेली. चालत आली होती, दम लागला होता.

"काका, ते पाकीट फोडू नका," म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "अहो, तुमचे वाचक मुंबईचे न्हाईत. सास्तूरचे आहेत. माझ्या माहेरचे."

मी म्हणालो, रिपोर्टमध्ये मुंबई आहे. ती म्हणाली, मोबाईलच्या नेटवर तसंच दिसतं, वैष्णवीनं सांगितलंय. मग सगळंच सांगितलं. व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप आहे. वैष्णवी रोज सकाळी आठला लिंक टाकते. त्रेचाळीस माणसं. सासूबाई, मामा, मामी, शेजारी, वैष्णवीच्या कॉलेजच्या मैत्रिणी. प्रत्येकानं एकदा दाबायचं, उघडलं की बंद करायचं. नागपंचमीला सगळ्या झोक्यावर होत्या. सोमवारी सगळी देवळात असतात.

विचारलं, आणि उशा?

त्या पण.

मिक्सरचं भांडं?

ते अव्वाचं. वैष्णवीकडून मागवून घेतलं होतं. लागतच होतं म्हणे.

मला राग आला. खरं तर काय आलं ते कळलं नाही, पण आवाज चढला. विचारलं, माझी एवढी थट्टा करायची होती तर सरळ तोंडावर का नाही केली. खोली नंबर दोनमधला यात्रेकरू दार उघडून बघायला लागला.

शिवप्रियाचा आवाज चढला नाही. "दुकान बंद झालं तेव्हापासून तुम्ही जेवताना एक शब्द बोलत नव्हता," ती म्हणाली. "सहा महिने. मी म्हटलं एक दिवस दाबून बघू सगळ्यांनी. तर त्या दिवशी तुम्ही काउंटरवर हसलात. काकांनी मुद्दाम मला फोन करून सांगितलं, पोरी, आज हसला बघ. मग दुसऱ्या दिवशी मी कसं बंद करणार होते?"

काका टेबलाकडं बघत होते. काका पण ग्रुपमध्ये आहेत.

त्यांनी पाकीट न फोडता माझ्याकडं सरकवलं. म्हणाले, "गुरुलिंगराव, चार नंबरची चादर बदलायची राहिलीय."

चादर बदलायला गेलो. बदलली. मग त्याच खाटेवर अर्धा तास बसलो. अकरा जून ते आज, सत्त्याऐंशी दिवस. त्रेचाळीस माणसं, रोज सकाळी, शेतात जायच्या आधी. मामांना तर मोबाईलवर बोट नीट ठेवता येत नाही. त्यांची नात धरून ठेवते म्हणे बोट.

६ सप्टेंबर, शनिवार.

वैष्णवीला सांगून ग्रुपमध्ये शिरलो. ग्रुपचं नाव 'दाजींची साईट'. निरोप लिहिला: सर्वांचे आभार. यापुढं कुणीही दाबू नये. मला आता नैसर्गिक ट्रॅफिक अभ्यासायचं आहे.

बेचाळीस अंगठे आले. सासूबाईंनी अंगठ्याऐवजी चुकून केक पाठवला.

रात्री जेवताना बोललो. फार नाही. भाजीत मीठ कमी आहे एवढंच. शिवप्रिया खुश झाली.

९ सप्टेंबर, मंगळवार.

वाचक ०. नैसर्गिक ट्रॅफिक शांत असतं. त्यात खळबळ नसते.

१६ सप्टेंबर, मंगळवार.

कंपनीचा ईमेल. १४ उशा परत. महिन्याच्या आत परत करता येतात, आणि परत झाली की कमिशन कापून घेतात.

सासूबाईंना फोन लावला. आधी त्यांनी तब्येत विचारली, मग पाऊस, मग अव्वा. मी सरळच विचारलं, उशा का परत गेल्या.

"आता दाबायचं बंदच झालं म्हणल्यावर…" त्या थांबल्या. "जावईबापू, राग मानू नका. मान लई दुखत हुती."

विचारलं, कुणाची.

समद्यांचीच, म्हणाल्या. मामा तर महिनाभर तिरके चालत होते. ज्यांची मुदत संपली त्यांच्या घरात तशाच पडल्यात. मी विचारलं, तीन महिन्यांत कुणी एका शब्दानं बोललं का नाही.

"तुमी इतकं चांगलं लिवलं हुतं तिच्याबद्दल. मग वाटायचं आमचंच चुकतंय झोपायचं."

फोन ठेवला. उशी कशी आहे हे आजपर्यंत मी एकाही माणसाला विचारलं नव्हतं.

२४ सप्टेंबर, बुधवार.

लॉज गच्च. रोज दीडशे माणूस. रजिस्टरमध्ये नावं लिहून बोटं दुखली. आंघोळीचं गरम पाणी, चपलांची ओळख पटवणं, हरवलेली म्हातारी शोधणं. वेबसाईट बघायला वेळ नाही. बघण्यासारखं पण नाही.

मेव्हणा दर्शनाला आला होता. सासूबाईंनी पिशवी दिलीय. भाकरी, शेंगांची चटणी आणि खाली एक निळी उशी. परत न गेलेल्यांपैकी. त्यांनी सांगितलंय, जावईबापूंना लागंल, दिवसभर काउंटरवर असतात.

१ ऑक्टोबर, बुधवार.

सप्टेंबरचा रिपोर्ट. पहिल्या पाच दिवसांतले सास्तूरचे सोडले तर वाचक ६. सगळा मीच. उशा ०. कमाई उणे ५१८ रुपये. आकडा लाल रंगात येतो, हे नव्यानं कळलं.

काल दुपारी गर्दी ओसरली तेव्हा ती उशी घेऊन आतल्या खोलीत आडवा झालो. लेख खरा लिहायचा तर एकदा डोकं ठेवून बघावं, असा विचार. दोन तास झोप लागली.

आज सकाळपासून मान डावीकडं वळत नाही. लॉजचं दार काउंटरच्या डाव्या बाजूला आहे. यात्रेकरू आले की मी अख्खा वळून नमस्कार करतोय. काका बराच वेळ बघत होते. मग त्यांनी स्टूल आणलं, मला त्यावर बसवलं आणि माझी खुर्ची दाराकडं तोंड करून लावली. शिवप्रिया बाम घेऊन आली. बाम चोळताना तिचा हात हलत होता, हसत असणार. वळून बघता आलं नाही.

लेख दुरुस्त केला. पाच स्टारचा एक केला. आता खाली लिंक ठेवायची का, हे ठरत नाही.