शर्यतीसाठी काढलेला पत्रा

प्रिय रेनांते,

तू बरा असशील, जहाजावरचा स्वयंपाकी भात कच्चा ठेवत नसेल, असं धरून चालते. गोड विचारपूस करण्याच्या मनःस्थितीत मी आज नाही. आपल्या बापावर, तातयांवर चिडलेय, आपल्या काकावर, तियो बेर्तिंगवर चिडलेय आणि सगळ्यात जास्त तुझ्यावर. हे फोनवरच सांगितलं असतं. पण रविवारी तुझा फोन आला की तातय स्पीकर लावतात, अख्खी गल्ली दारात जमते, आणि मग माझ्या तोंडून 'सुके मासे पाठवू का' याच्यापुढे काही निघत नाही.

तातयांचं मनगट मोडलं, हे तुला कळलंच आहे. पण कसं मोडलं, ते तुला धड सांगितलेलं नाही. 'म्हातारा झालो रे, हँडल सुटलं हातातून,' असं म्हणाले ना? सुटलं-बिटलं काही नाही. होडी सुरू करायला हँडल फिरवलं, तर इंजिनाने उलटा फटका दिला. फिएस्ताच्या जत्रेतली होड्यांची शर्यत झाल्यापासून आपली होडी, ऑरेलिया, सुरू होताना लाथच मारत होती. सुरू झाल्यावर असा ठोका, की जाळी विणणाऱ्या बायका लांबूनच ओरडायच्या, "काय हो सिमोन, मासे धरायला निघालात की मसाला कुटायला?" तातय हसायचे, आणि मला मात्र त्या ठोक्याने धडकी भरायची.

मी काय काय करून पाहिलं, ते ऐक. डिझेल बदललं. फिल्टर धुतला. नळीतली हवा काढली. नोझल खोलून फवारा पाहिला, तर धुक्यासारखा बारीक, काही खोट नाही. उरला फक्त पंप. मी म्हटलं, तातय, पंपाचं टायमिंग बघू या, तेल वेळेआधी पडतंय. तर ते पाना हातातून हिसकावून घेऊन म्हणाले, "त्याला हात लावायचा नाही. रेनांतेने लावलंय ते. तो शिकून आलाय, तू काय शिकलीस, मासे खारवायला?" एवढं बोलून ते पाना उशाशी घेऊन आडवे झाले. आई, आपली नानाय, गेल्यापासून ऑरेलियावर त्यांच्याबरोबर समुद्रात कोण जातं, ग्रीस कोण भरतं, हे त्यांना दिसत नाही असं नाही. दिसतं, पण मोजत नाहीत.

मनगट बसवून घ्यायला ते हाडवैद्याकडे गेले, तेव्हा ओहोटी होती आणि होडी वाळूवर होती. मी पंपाची नळी सोडली आणि फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवत, पंपाच्या तोंडाशी भरलेलं तेल बघत बसले. फ्लायव्हीलवरची खूण समोर यायला अजून चांगली चार बोटं बाकी होती, आणि तेल हललं. मग पंपच उतरवला. त्याच्या खाली दोन पातळ पत्रे असायचे, त्यांच्या जाडीवरच तेल कधी पडायचं ते ठरतं; मी स्वतः कितीदा पुसलेत. निघाला एक. दुसरा तू काढलास, रेनांते. शर्यत जिंकायला. ठोका वाढला की तुम्हा पोरांना वाटतं ताकद वाढली! पहिला आलास, डुक्कर भाजलं, गाव नाचलं, आणि तू तसाच बॅग उचलून जहाजावर गेलास. पत्रा परत घालायचं तुला सुचलं नाही, तो एवढासा पत्रा!

सार्डिनच्या डब्याचा पत्रा कापून, घासून मी तो बसवला. परत फिरवून पाहिलं, अगदी खुणेवर तेल हललं. तातय गळ्यात हात बांधून परतले, तेव्हा मी सगळ्यांदेखत हँडल मारलं. पहिल्याच झटक्यात सुरू. लाथ नाही, ठोका नाही. मला रडूच आलं, खरं सांगते. आणि तातय काय म्हणाले असतील? "बघितलंत? माझ्या पोराचं टायमिंग! इंजिन आता कुठे रुळलं." तियो बेर्तिंगने लगेच मान डोलावली, "शिकलेला हात तो शिकलेला हात." मी ओरडून सांगितलं, मी केलंय, हा बघा कापलेला डबा! तातय हसले आणि सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "पोरी, तू नोझल पुसलंस, छान केलंस." त्या टपलीने मला जेवढं लागलं, तेवढं त्या हँडलने त्यांनाही लागलं नसेल.

हे सगळं गिळलं असतं मी. इतकी वर्षं गिळतेच आहे. पण तातयांनी ऑरेलिया तियो बेर्तिंगला देऊन टाकायचं ठरवलंय. कारण काय, तर 'आता माझा हात गेला, पोरगा परदेशात, घरात इंजिनातलं कळणारं कुणी नाही.' घरात कुणी नाही! मी समोर भात वाढत होते तेव्हा म्हणाले हे. सोमवारी तियो होडी न्यायला येतोय. ती गेली तर मी बाजारात दुसऱ्यांचे मासे खारवत बसणार, जन्मभर.

म्हणून हे पत्र. तुझ्या जहाजाच्या ऑफिसात उद्याच पोचवेल अशा माणसाच्या हाती पाठवतेय, तिथून ते तुला कळवतील. रविवारी फोन कर, स्पीकर लावू दे, गल्ली जमू दे. आणि सगळ्यांदेखत सांग, की पत्रा मी काढला, चुकीचा काढला, आणि टायमिंग माझ्या थोरल्या बहिणीने, मनांगने लावलं. 'आम्ही दोघांनी' म्हणायचं नाही. 'माझ्याकडून शिकली' म्हणायचं नाही. माझ्या हाताने केलेलं काम तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय खरं ठरत नाही, याचा मला इतका संताप येतो की हे लिहिताना पेन कागदात रुततंय. तरी मागतेय. मला होडी हवी आहे रे.

तुझीच,
मनांग मेर्लिता