खालची स्क्रीन

सोमवार, ३ मार्च

लागले बाई एकदाची नोकरीला! कडेगावच्या अलीकडं माळावर संस्थेचं पंपघर आहे, कॅनॉलचं पाणी इथून वरच्या शिवाराला चढतं. आणि सांगलीची ब्राह्मी, म्हणजे मी, आजपासून इथली ऑपरेटर. वही आणली नाही, रोजनिशी मोबाईलवरच लिहीन. आईनं इतकं डब्यात भरलंय की निम्मं कडेगाव जेवेल. ड्यूटी आठ ते पाच, दिवस मावळायच्या आत घरी जेवायला, त्यामुळं तीही खूश आहे.

टेबलावर दोन स्क्रीन. डावीवर पंपाचा प्रोग्रॅम, त्यातच पंप चालू करायचं बटण; उजवीवर कॅमेऱ्याची विंडो. कॅमेऱ्यात एकच गोष्ट दिसते, जॅकवेलचा लोखंडी कठडा. जॅकवेल म्हणजे आमच्या खोलीच्या बरोब्बर खालची खोल विहीर, तिच्यातून पंप पाणी ओढतो. तिच्या जाळीत पाला अडकतो. पाणी आलं की बायका ओटी भरतात, ते नारळ आणि खणही तिथंच येऊन बसतात. ते काढायला गुंडामामा शिडीनं उतरतात. साठी उलटली आहे, पण पोरांना लाजवतील.

आमचे साहेब, जयराज, यांनी विहिरीत उतरायच्या परवान्याच्या छापील फॉर्मचा गठ्ठा दाखवला. सगळे कोरे. इथं चालते ती टोपी. उतरताना मामा टोपी कठड्याला अडकवतात, वर आले की डोक्यावर घालतात. बस्स, एवढाच कायदा. मामांनी मला समोर बसवून सांगितलं, "टोपी कठड्याव असली तर बटणाला हात लावायचा न्हाई, ताई. बटण दाबलं की पयलं दार उघडतंय, पानी आत येतंय. मग आतला माणूस कुनाच्या हाताला लागत न्हाई."

म्हटलं मामा, मी टोपीकडं डोळे लावूनच बसते.

बुधवार, ५ मार्च

आज कॅमेऱ्याची विंडोच गायब. पंपाचा प्रोग्रॅम मोठा केला की ती सटकते. खालच्या पट्टीवर नाव दिसतं, पण उघडली तर दोन्हीपैकी एकाही स्क्रीनवर नाही. कीबोर्डच्या बटणांनी ढकलत ढकलत आणली. तासाभरात तीनदा तेच. साहेब म्हणाले, पहिल्यापासून असंच आहे, आपटलं की चालतंय. मी कॉम्प्युटर आपटणाऱ्यांपैकी नाही. शोधून काढणारच.

शुक्रवार, ७ मार्च

सापडलं. सेटिंगमध्ये दोन चौकोन हवेत, इथं तीन आहेत. एक आणि दोन शेजारी शेजारी, आणि तीन त्यांच्या खाली. मागं दोनच वायरी आहेत, मी टेबलाखाली रांगत जाऊन मोजल्या. तरी माऊस खालच्या कडेवरून सरळ खाली जातो. टेबलाच्या खाली, फरशीच्या खाली.

तिसरी बंद केली. मशीन परत चालू केलं. छान चाललं. मीच माझी पाठ थोपटली.

सोमवार, १० मार्च

तिसरी परत आलीय.

विंडो वर ओढली, तर कठड्यावर टोपी. मी माऊसवरचा हात काढला. आणि मामा माझ्यासमोर खुर्चीवर बसून चहा पीत होते, टोपी डोक्यावर. चित्र अडकलं असेल म्हणून वेळ बघितली, सेकंद पळत होते. टोपीतून पाणी ठिबकत होतं.

मामांनी स्क्रीनकडं बघितलं आणि बशी खाली ठेवली. म्हणाले, ही नानासोची. नानासो त्यांच्या आधी जाळी काढायचे. दोन वर्षांपूर्वी ते आत असताना पंप लागला. तेव्हा ऑपरेटर मल्हार म्हणून होता. त्यानंतर मामांनी उरलेला चहा प्यायला नाही.

मंगळवार, ११ मार्च

मल्हारचा नंबर मिळवला. आता इस्लामपूरला किराणा दुकानात असतो. आधी बोलायलाच तयार नव्हता. मग म्हणाला, त्या दिवशी विंडो सापडत नव्हती आणि साहेब घाई करत होते. सापडली तेव्हा कठडा मोकळा होता. दाबलं. टोपी मात्र कठड्यालाच होती, लोकांनी नंतर काढून आणली. "ती विंडो खाली असली की खालच्यांना दिसते, ताई," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

मला भीती वाटतेय. लिहूनच टाकते, लय भीती वाटतेय. मामांच्या जिवाची.

गुरुवार, १३ मार्च

ठरवलं, स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही. बटणाआधी मागं जाऊन कठडा डोळ्यांनी बघायचा. साहेब हसले. म्हणाले, सांगलीची माणसं भित्री. हसू देत.

कॉम्प्युटरवाला इस्लामपूरहून आला, सगळं पुसून नवीन टाकलं. दोन चौकोन. तो गाडीवर बसला आणि तिसरा आला. आता आधीपेक्षा मोठा आहे.

शनिवार, १५ मार्च

माऊस आपोआप खाली जातो. वर आणते, परत जातो. आज त्याच्याबरोबर पंपाची विंडोही अर्धी खाली गेली — बटणासकट. मी वायर उपटली.

मामांना म्हटलं, सोमवारी उतरू नका. म्हणाले, पान्याची पाळी हाय, जाळी गच्च हाय, न उतरून कसं चालंल.

सोमवार, १७ मार्च

११.०५. साहेब स्वतः येऊन खुर्चीत बसलेत. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांचे फोनवर फोन. कॅमेऱ्यात टोपी आहे. मामा फोन उचलत नाहीत. साहेबांना सांगितलं, कठडा बघून येते, तोवर बटण नको. म्हणाले, पाच मिनिटं.

११.२५. खालून लिहितेय.

टोपी खरंच होती. हातात घेतली, ओली. हाका मारल्या, ओ नाही. मामा बेशुद्ध पडले असतील — माझी ओढणी टोपीशेजारी बांधली आणि उतरले. शिडीच्या खालच्या पायऱ्या पायाखाली तुटल्या. पाय मुरगळलाय. वरची पायरी हाताला येत नाही.

मामा इथं नाहीत.

ओरडतेय. कॅनॉलवर जेसीबी चाललाय, कुणाला ऐकू जाणार. रेंज नाही.

जाळीमागं उजेड आहे. निळा.

कॅमेऱ्याची विंडो — इथं आहे. म्हणजे साहेबांकडं नाही. कठडा स्पष्ट दिसतोय. टोपी नाही. माझी ओढणी आहे, फडफडतेय.

मामा आले. जेसीबीकडून. बरे आहेत. देवा, बरे आहेत. टोपी डोक्यावर.

मामा, खाली बघा

ओढणी सोडवली त्यांनी. वाळत घातली असं वाटलं असेल. घडी घातली. नीट, आईसारखी. खांद्यावर टाकली. मला द्यायला खोलीकडं निघाले

साहेब त्यांची टोपी बघतील — डोक्यावरची

माझ्याशेजारी उभं राहून कुणीतरी हेच बघतंय. मी वळणार नाही

दार वाजलं. पाणी घोट्याला

मामा मी इथं