दारातले बूट

सौ. ताईस नमस्कार.

एलनच्या दाराची घंटा वाजवली आणि माझं खाली लक्ष गेलं. पायपुसण्यावर डॅनियलचे फौजी बूट होते, ओले. श्रूजबरीत आठवडाभर पाऊस नाही.

डॅनियल तिचा मुलगा, आपल्या शिवचा शाळेपासूनचा मित्र. मे महिन्यात तो लढाईत गेला. दफनाला आम्ही होतो.

मी प्रचाराची पत्रकं वाटत होते. इथे यंदा एकच प्रश्न आहे, युद्ध कोण थांबवणार. आमचा उमेदवार म्हणतो, थंडीच्या आत सगळी मुलं घरी.

एलन म्हणाली, "मी कशाला मत देऊ, नीला? माझा आलाय घरी."

माडीवर पावलं वाजली.

"बूट अजून दारातच काढतो हं," ती हसली. "तुझ्याच घरी शिकला."

मी पत्रक परत पिशवीत टाकलं.

आईला यातलं काही सांगू नकोस. शिव मजेत आहे म्हण. छावणीत जेवण बरं मिळतं, असं तो मागच्या फोनवर म्हणाला होता. तिचा गुडघा कसा आहे? तेल लावता ना?

आज आम्ही दोघांनी मत दिलं. बाहेर पडताना श्रीरंग म्हणाला, "आता येईल बघ."

तुझी,
नीला

ता. क. सकाळी कळलं, आमचा उमेदवार निवडून आला. शिवचा फोन अजून नाही. पेपर घ्यायला दार उघडलं, तर पायपुसण्यावर त्याचे बूट होते, ओले. श्रीरंगला मी अजून उठवलेलं नाही.