जीप दारात उभी हाय

दि. १७ नोव्हेंबर २०२४, रविवार
वस्तीवरून, ता. आष्टी

चि. बंकटास आईचे आशीर्वाद. सूनबाईलाही सांग. इकडं शेळी व्याली, दोन पिल्लं, दोन्ही माद्या, पाठी हायत. ऊसतोडीनं हात कापले असतील, रोज तेल लावत जा.

योगिताला न्यायला तू धाडलेली जीप दारात उभी हाय. हनुमान डायवरचा दुसरा चहा झाला, आता हॉर्न वाजवतोय. वाजवू दे. फोनवर तू मधेच कट करतोस, म्हणून कागदावर बोलते. लिहितीय तुझीच लेक, योगिता.

मला अक्षर येत न्हाई, पण 'कावून? का म्हणून?' इचारता येतं. मुकादमाच्या पुतण्याला, ज्याच्याशी तू हिचं लगीन ठरवलंस त्या सुरजला, आत्ताच बायको कावून? तर तोडीला एकट्या माणसाचा अर्धा कोयता धरतात, पैसेबी अर्धेच, जोडीचा पुरा. मग जोडीला बायकोच कावून? त्याचा धाकटा भाऊ दिवसभर मोबाइल घासतोय, त्याच्या हातात द्या की कोयता!

आता तुझी पाळी. सोळा वर्षांच्या लेकीचं कारखान्याच्या गेटवर लगीन कावून? तर म्हणे, गावात एकटी राहती. एकटी कावून? मला काय शेळ्यांत धरलं का रे?

इथं तुझ्या लेकीनं पेन थांबवला. "आज्जी, चक्करचं लिहू का?" म्हणती.

लिही बाई. पोळ्याला मी हापशावर पडले. तवापासून तुला भ्या बसलं, म्हातारी गेली तर पोरीचं काय. तुझं भ्या खोटं न्हाई. मलाबी झोप न्हाई.

मग आमी दोघी इचार करत बसलो, मी पुन्हा पडले तर उचलंल कोण? शेजारची कडूबाई, तीबी नातीला घेऊन एकटीच. काल बोचकं घेऊन आपल्यातच राहायला आली. दोन म्हाताऱ्या एकदम मरत न्हाईत. आणि ती घोरती अशी, की चोर वाट बदलंल.

एक गोष्ट तू इचारलीच न्हाईस, म्हणून मी इचारली. "योगे, तुझं काय म्हणणं?" तिनं पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "मला न्हाई जायचं." तिच्याच हातचं अक्षर हाय, परत वाच.

पुन्हा हॉर्न. मुकादमापुढं तुला मान खाली घालावी लागंल, ते कळतं मला. त्याला माझं नाव सांग. पण जीपीत पोरगी बसणार न्हाई. तिच्या जागेवर हा कागद बसंल.

खाली अंगठा माझा.

तुझी, अजून उभी असलेली,
आई